हयात आहेत का?

लग्नपत्रिका कोणी वाचत नाही, असं म्हणणाऱ्याने एकदा त्यातून एखाद्या मामाचं नाव गाळून बघावं. जन्मात ज्याने दोन ओळी धड वाचल्या नसतील, तो माणूस पत्रिका हातात पडली की आधी चष्मा शोधतो आणि आपलं नाव चुलतभावाच्या वर आहे की खाली हे एका दमात सांगतो. वधूवरांची नावं तो नंतर वाचतो, वाचली तर. श्रीरामपूरला बसस्टँडमागच्या गल्लीत गहिनीनाथांचं छपाईचं दुकान आहे. तिथे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांत जास्त ठाऊक होतं प्रज्ञाबाई पगारे यांना.

प्रज्ञाबाई त्या दुकानातल्या तपासणीच्या बाई. सकाळी बेलापूरहून शेअर रिक्षाने यायच्या, जिन्याखालच्या टेबलाशी बसायच्या, लाल पेनाचं टोपण दातांनी काढायच्या आणि संगणकावरून निघालेला कच्चा कागद पुढे ओढायच्या. पत्रिका, दशक्रियेची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स, पतसंस्थांचे अहवाल, जे म्हणून छापून बाहेर जाणार ते आधी त्यांच्या नजरेखालून जाई. आणि लोक काय लिहून आणतील याचा नेम नसे. निवडून आलेल्या एका पुढाऱ्याने मतदारांचे आभार मानायला मजकूर आणला, त्यात 'आम्ही आपले सदैव कृतघ्न राहू' असं होतं. बाईंनी 'कृतज्ञ' केलं, तर तो म्हणाला, बाई, दोन्हीपैकी जो भारी दिसेल तो ठेवा. एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला 'आपली उपस्थिती उपेक्षित' होती आणि खाली मुख्याध्यापकांची सही होती. पुतळ्याचं उद्घाटन आणि पाण्याच्या टाकीचं अनावरण तर नेहमीचंच. 'दिन' या शब्दाला दीर्घ वेलांटी देऊन 'दीन' करून टाकायची खोड तर सबंध तालुक्याला होती. स्वातंत्र्य दीन, कामगार दीन, महिला दीन. वर्षातला एकही चांगला दिवस त्यांनी दीन केल्याशिवाय सोडला नव्हता.

संगणकावर बसणारा हर्षल या चुकांना खदाखदा हसायचा. बाई हसत नसत. त्यांचं म्हणणं असं, की माणूस आपल्याकडे येतो तो एकतर घरात लग्न काढून येतो, नाहीतर घरातलं कोणी पोचवून येतो. दोन्ही वेळेला त्याचं डोकं ठिकाणावर नसतं. त्याच्या तोंडाला जो शब्द आधी येईल तो तो लिहितो. त्यात हसण्यासारखं काय आहे? हर्षल मग बाईंची पाठ फिरली की फोटो काढून मित्रांना पाठवायचा.

बाई या दुकानात आल्या कशा हे सांगितलं पाहिजे. तेरा वर्षं झाली त्याला. त्यांचे यजमान आसाराम फुलांचा टेम्पो चालवत. बेलापूरच्या आसपासचा गुलाब, झेंडू पहाटे भरायचा, शिर्डीला उतरवायचा आणि जेवायच्या वेळेला घरी. एके दिवशी फुलं उतरवून परत येताना त्यांनी बाभळेश्वरच्या चौकात टेम्पो कडेला लावला, चावी चहावाल्याच्या हातात दिली, मालक आले की द्या म्हणाले आणि लोणीच्या रस्त्याने चालायला लागले. त्यानंतर आसारामला कोणी पाहिलं नाही. दारू नव्हती, भांडण नव्हतं. लेक संघमित्रा तेव्हा अकरा वर्षांची होती. पोलिसांत नोंद झाली, नातेवाईक चार दिवस हिंडले. पाचव्या दिवशी प्रज्ञाबाई हरवल्याचं पत्रक छापून घ्यायला या दुकानात आल्या. गहिनीनाथांनी कच्चा कागद पुढे केला. त्यात 'व्रण सावळा, हनुवटीवर जुना वर्ण' असं होतं. रडून डोळे सुजलेल्या त्या बाईने कागद दिव्याखाली धरला, पेन मागितलं आणि दोन शब्दांच्या जागा बदलून दिल्या. एवढ्या दुःखात जिला वर्ण आणि व्रण दिसतो ती बाई आपल्याला पाहिजे, असं गहिनीनाथांच्या मनात आलं. महिन्याभराने त्यांनी निरोप धाडला. पत्रकाचा उपयोग काहीच झाला नाही, घराला मात्र आधार झाला.

बाईंच्या हातून मोठी चूक एकदाच सुटली, आणि तिला चूक म्हणायची की नाही याबद्दल दुकानात अजून दोन मतं आहेत. नऊ वर्षांपूर्वी एका पत्रिकेत वधूच्या थोरल्या चुलत्यांच्या नावाआधी 'कै.' छापून गेलं. जुन्या कार्डावरच नवी नावं बसवायची कामाची रीत असते, त्यात ते मागचं अक्षर राहून गेलं. 'कै. राधाकृष्ण' यात ऱ्हस्वदीर्घाची काही चूक नव्हती, म्हणून बाईंची नजर तिथे अडली नाही. चूक एवढीच होती की राधाकृष्ण बहात्तर वर्षांचे असले तरी ठणठणीत होते. ते स्वतः पत्रिका घेऊन दुकानात आले, स्टुलावर बसले. मग पाणी मागितलं आणि म्हणाले, "म्या मेलो कवा, त्येवढं तरी सांगा." पाचशे पत्रिका पुन्हा छापल्या. म्हातारा लग्नाला गेला नाही तो नाहीच.

तेव्हापासून बाईंनी नियम घातला. छपाईला सोडण्याआधी घरातलं एक जाणतं माणूस समोर बसवायचं, एकेक नाव मोठ्याने वाचायचं आणि प्रत्येक नावानंतर विचारायचं, हयात आहेत का? हो म्हटलं की लाल बारीक खूण. नाही म्हटलं की त्यांच्या धर्माप्रमाणे शब्द. त्यासाठी भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. हिंदूंना कै. किंवा स्व., बौद्धांना कालकथित, मुसलमानांना मरहूम, ख्रिश्चनांना ख्रिस्तवासी. त्याखाली हयात माणसांचे शब्द, आणि 'आयुष्मान'ला 'आयुष्यमान' लिहू नये अशी ताकीद, दोन रेघा मारून. लग्नाच्या घरात हे असलं काय विचारताय बाई, म्हणून लोक चिडायचे. नव्या नवरीची आई तर एकदा उठून गेली होती. बाई शांतपणे पुढचं नाव वाचायच्या आणि पुन्हा तेच विचारायच्या.

एवढ्या नेमाच्या बाईंचं स्वतःच्या घरातलं एक नाव मात्र तेरा वर्षं खुणेशिवाय पडलेलं होतं. शाळेचा अर्ज असो, बँकेचा असो, पतीचे नाव म्हटलं की त्या 'आसाराम रंभाजी पगारे' एवढंच लिहीत. आधी काही नाही. सात वर्षांनंतर कोर्टात जाऊन मृत जाहीर करून घेता येतं असं एका वकिलाने सांगितलं होतं, त्या गेल्या नाहीत. सासूबाई भागिरथीबाई आता ऐंशीला टेकल्या होत्या. त्यांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं, आसाराम हाय. कुठं तरी हाय. आईच्या पोटाला कळतं, त्या म्हणायच्या, आणि त्यावर कोणी बोलायचं नाही. जेवताना भाकरी जास्त झाली तरी त्या उरलेली काढून ठेवत नसत, कारण आसारामला शिळं आवडत नव्हतं, आला तर ताजी टाकता येईल.

प्रज्ञाबाईंच्या मनातलं मात्र कोणालाच माहीत नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते. आसाराम मेले असावेत, असं त्यांना वाटत होतं. नुसतं वाटत नव्हतं, त्यांना ते तसंच हवं होतं. माणूस मेला असेल तर तो आपल्याला सोडून गेला नाही. तो घरी येत होता आणि वाटेत मरण आलं, एवढंच. जिवंत असेल तर मात्र त्याने रोज सकाळी उठून, रोज नव्याने, घरी न यायचं ठरवलं. तेरा वर्षांच्या सकाळी मोजायला घेतल्या की बाईंचा जीव घाबराघुबरा व्हायचा. म्हणून त्यांनी नवऱ्याला मनातल्या मनात कितीतरी मरणं दिली होती. प्रवरेच्या कालव्यात, रेल्वेच्या रुळावर, उसाच्या फडात साप चावून. प्रत्येक मरणात त्याचं तोंड घराकडे असे. त्यासाठी त्या रडायच्याही, भांडी घासताना, पाण्याच्या आवाजात.

आणि मग संघमित्राचं लग्न ठरलं. पोरगी बीएस्सी होऊन रांजणगावला एका कंपनीच्या लॅबमध्ये लागली होती, तिथेच मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची, पंधरा दिवसांनी घरी यायची. मुलगा तुषार, राहात्याचा. वडील सुनील त्रिभुवन एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. माणसं साधी, बोलायला-चालायला सरळ. सुपारी फुटली त्या दिवशी सगळे चहा घेत असताना सुनीलरावांनी बाईंना बाजूला घेतलं आणि खाली बघतच म्हणाले, की पत्रिकेत आसारामच्या नावाआधी कालकथित टाका. आमच्याकडे दीडशे घरं आहेत, माणसं पत्रिका वाचतात. नावाआधी हयातीचं 'आयु.' दिसलं की स्टेजवर मुलीच्या बापाला शोधणार, नाही दिसला की विचारणार, आणि मग गावभर व्हायचं की हिचा बाप पळून गेलाय. मेलेल्या बापाचं कोणी काही विचारत नाही. त्यांनी हे दुखवायला म्हटलं नव्हतं. त्यांचं बरोबर होतं, हे बाईंनाही कळत होतं.

घरी ते भागिरथीबाईंच्या कानावर गेलं. म्हातारीने आदळआपट केली नाही. ती म्हणाली, "टाका की कालकथित. मी काय लग्नाला येनार न्हाई. जित्या लेकाचं मढं बघायला कोन येईल?" मग दोन दिवस ती नीट जेवली नाही. संघमित्रा त्या आठवड्यात घरी होती, तिने आजीला खूप समजावलं. आईशी मात्र या विषयावर एक अक्षर बोलली नाही. पोरगी लाजत असेल, असं बाई धरून चालल्या.

बुधवारी दुपारी नावं वाचायची ठरली. सुनीलराव राहात्याहून आले. संघमित्रा आली. भागिरथीबाईंना घरी थांबा म्हटलं होतं, पण त्या काठी टेकत रिक्षात आधी चढून बसल्या होत्या. त्यांना कागदाच्या गठ्ठ्यांशेजारच्या स्टुलावर बसवलं. घरचीच पत्रिका असल्यामुळे बाईंनी प्रश्न विचारायचा नाही, नियम म्हणजे नियम, असं गहिनीनाथ म्हणाले आणि हर्षलच्या हातात कागद दिला. कागदाच्या डोक्यावर 'नमो बुद्धाय' नीट होतं. आदल्या दिवशी तिथे 'श्री गणेशाय नमः' राहिलं होतं, ते बाईंनी काढायला लावलं होतं.

हर्षल वाचायला लागला. आयु. भागिरथी रंभाजी पगारे. हयात आहेत का? म्हातारी म्हणाली, "मग ह्ये काय भूत बसलंय का?" आणि सगळे हसले. सुनीलरावसुद्धा हसले. रंभाजी सखाराम पगारे, हयात? नाहीत. कालकथित. हर्षलने खूण केली. पुढची ओळ आली तसा त्याचा आवाज खाली गेला. ओळीत नावाआधी मोकळी जागा सोडलेली होती.

"आसाराम रंभाजी पगारे," तो म्हणाला. "हयात आहेत का?"

बाहेर कटिंगच्या मशीनचा आवाज चालू होता. सुनीलराव भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले. बाईंनी रिक्षात बसल्या बसल्याच ठरवलं होतं, नाहीत म्हणायचं. पोरीचं लग्न आहे, तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे. म्हातारीचे पाय धरू, तिची समजूत काढू. आणि आपलं काय, आपण तर मनातून त्यांना कधीच पोचवून आलोय. नाहीत, एवढाच शब्द म्हणायचा होता. त्यांनी तोंड उघडलं.

"हयात आहेत," संघमित्रा म्हणाली.

भागिरथीबाईंनी काठी जमिनीवर आपटली. "मी काय म्हनत हुते? ऐका, ल्येक काय म्हनतीय." त्यांचं बोळकं तोंड हसत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

प्रज्ञाबाईंनी लेकीकडे पाहिलं. नऊ वर्षं त्या हा प्रश्न माणसांना विचारत आल्या होत्या. ज्याला आशा असते तो उत्तर देताना आवाज चढवतो. ज्याला भीती असते तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. आणि ज्याला माहीत असतं तो मान वरसुद्धा करत नाही, घराचा नंबर सांगावा तसा सांगून मोकळा होतो. संघमित्राने मान वर केली नव्हती. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. 

सुनीलराव पोरीला म्हणाले, "मग बाई, हायेत कुठं? सांग की आमाला." संघमित्रा म्हणाली, ते विचारू नका. ते लग्नाला येणार नाहीत, एवढं मी सांगते. पण खोटं छापायचं असेल तर माझं नावही त्या पत्रिकेत नको. हे ती चिडून बोलली नाही, म्हणून ते जास्त लागलं. सुनीलराव उठून बाहेर गेले, गल्लीत उभे राहून मुलाला फोन लावला. दहा मिनिटं ते फोनवर होते. तेवढ्या वेळात लग्न मोडलं असतं तरी कोणाला नवल वाटलं नसतं. गहिनीनाथांनी चहा सांगितला, तो कोणी घेतला नाही. सुनीलराव परत आले आणि म्हणाले, "पोरगं म्हनतंय, ती म्हनल तसं छापा. माझं काय न्हाई. पन स्टेजवर लोकं इचारतील, तवा काय सांगू?" गहिनीनाथ म्हणाले, बाहेरगावी नोकरीला असतात म्हणा. दुसरं काय म्हणणार? बोलताना त्यांना कल्पनाही नव्हती की ते किती खरं सांगतायत.

बाई उठल्या. लेकीचा दंड धरून तिला मागच्या खोलीत घेऊन गेल्या, जिथे कापलेल्या कागदाच्या पट्ट्यांचा ढीग असतो. त्यांनी एकच विचारलं, कुठं?

"रांजणगावला," संघमित्रा म्हणाली. "दीड वर्ष झालं, मम्मी."

मग तिने सगळं सांगितलं, एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. शेजारच्या कंपनीच्या स्टाफच्या बसवर ते ड्रायव्हर आहेत. गाडी थांबली की स्टेअरिंगवर दोन बोटं वाजवायची त्यांची सवय, त्यावरून तिला ओळखू आले. ती जाऊन खिडकीपाशी उभी राहिली. त्यांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, शाळा पुरी झाली का? बावीस वर्षांच्या पोरीला त्यांनी शाळा पुरी झाली का विचारलं. मग घरी घेऊन गेले. कारेगावच्या रस्त्याला, पिठाच्या गिरणीमागे दोन खोल्या आहेत. एक बाई आहे. सात वर्षांची मुलगी आहे. त्या बाईने पोहे केले, संघमित्राने ते खाल्ले. का गेलात, असं तिने विचारलं. ते म्हणाले, चालता चालता पुढं गेलो, मग मागं फिरायची हिंमत झाली नाही. आणि निघताना म्हणाले, घरी कोणाला सांगू नको, मेलो समजत असतील तर तेच बरं आहे.

"मग मला का नाही सांगितलंस?" बाईंनी विचारलं.

"तू त्यांच्यासाठी रडायचीस ना," पोरगी म्हणाली. "भांडी घासताना. मला लहानपणापासून ऐकू यायचं. मला वाटलं, तेवढं तरी तुझ्याजवळ राहू दे."

प्रज्ञाबाईंना राग आला, पण तो नवऱ्याचा आला नाही आणि लेकीचाही नाही. स्वतःचाच आला. कालव्यातून, रुळावरून, उसातून ज्याला त्यांनी तेरा वर्षं घराकडे तोंड करून चालवत ठेवलं होतं, तो माणूस कारेगावच्या रस्त्याला पोहे खात होता. ही पोरगी दीड वर्ष एकटीने एवढं ओझं घेऊन हिंडत होती, आणि दर पंधरा दिवसांनी घरी येऊन आईचं रडणं ऐकत होती. बाईंना आता रडावंसं वाटत होतं, पण कोणासाठी रडायचं हेच त्यांना कळेना. तेरा वर्षं त्या विधवा होत्या, निदान स्वतःपुरत्या. ते आज गेलं. आता त्या टाकलेल्या होत्या, आणि टाकलेल्या बाईला रडायलाही कारण सांगावं लागतं.

त्या बाहेर आल्या. हर्षल कागद घेऊन तसाच उभा होता. बाईंनी तो घेतला, मोकळ्या जागेत 'आयु.' लिहिलं आणि समोर खूण केली. मग बाकीची नावं त्यांनी स्वतः वाचली. मामा, मावश्या, आत्याचे यजमान. हयात, हयात, नाहीत, हयात. सुनीलरावांच्या चुलतभावाचं नाव दोनदा आलं होतं, ते एकदा काढलं. संध्याकाळी पाचपर्यंत पत्रिका छपाईला गेली.

रविवारी दुपारी बेलापूरच्या घरात पाकिटांवर पत्ते घालायचं काम चाललं होतं. संघमित्रा रांजणगावला परत गेली होती. बाई जमिनीवर बसून लिहीत होत्या, भागिरथीबाई पलंगावरून एकेक नातलग आठवून सांगत होत्या. म्हातारी त्या चार दिवसांत टवटवीत झाली होती. दोन भाकरी खात होती. एक पत्रिका तिने उशाशी ठेवली होती आणि येईल त्याच्याकडून ती वाचून घेत होती. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण आसारामचं नाव कोणत्या ओळीत आहे हे तिने विचारून घेतलं होतं, आणि त्या ओळीवर बोट ठेवूनच ती पत्रिका पुढे करायची.

"ह्ये नावाच्या आदी काय हाय गं?" तिने आताही विचारलं.

"आयुष्मान," बाई म्हणाल्या. "म्हणजे पुष्कळ जगा."

म्हातारीने ते ऐकून त्या ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं. गोजरबाई राहिली, असं मग तिला आठवलं. गोजरबाई म्हणजे तिची नेवाशाची मावसबहीण. बाईंनी गोजरबाईंचं पाकीट घेतलं, नाव घातलं, गाव घातलं. अजून सात पाकिटं कोरी होती.

"समदी झाली," भागिरथीबाई म्हणाल्या. "त्याचा पत्ता ठावा असता, तर त्याला बी एक धाडली असती. न्हाई का?"

प्रज्ञाबाईंचं पेन पाकिटावर थांबलं. कारेगाव रस्ता, पिठाच्या गिरणीमागे. तालुका शिरूर, जिल्हा पुणे. चार दिवसांत तो पत्ता त्यांनी एकदाही कुठे लिहिला नव्हता, तरी त्यांना तो पाठ झाला होता.

"हो, आत्या," त्या म्हणाल्या. "पत्ता असता तर धाडली असती."

मग त्यांनी कोरी पाकिटं एकत्र केली, रबर लावलं आणि भाकरी टाकायला उठल्या.